पाकट पचवण्याची तयारी

१८ फेब्रुवारी, सकाळ

नवीन वही. नवीन गाव. नवीन मी.

नोंदीसाठी: प्यो गिथेक, वय एकसष्ट, सोलच्या पाणी-मीटर खात्यातून उपविभागप्रमुख म्हणून निवृत्त. सध्या मुक्काम हेचॉन, बायकोचं माहेर. थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे गुम्नानताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बाजारातलं त्यांचं दुकान दोन महिने माझी बायको यंगनान चालवणार. तिला आधार हवा म्हणून मी आलो. ती आधी आली आणि मी अकरा दिवसांनी, याचा वॉशिंग मशीनशी काही संबंध नाही. ते मशीन मुळातच कपडे गुलाबी करणारं आहे.

दुकान होंगॉचं. आंबवलेलं पाकट. मासा मडक्यात गवतावर ठेवून आठवडेच्या आठवडे मुरवतात आणि मग कच्चा खातात. वास सार्वजनिक मुतारीचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी यंगनानला शांतपणे सांगितलं होतं की हे आपल्या घरात नको. तिने लगेच ऐकलं. तिला खाण्यापिण्याची फारशी हौस नाहीच. बत्तीस वर्षं मुळ्याचं सूप आणि भात, तक्रार नाही. असा संसार विरळा.

संकल्प: रिकामं बसायचं नाही.

१९ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस

इथे बाजार दर पाच दिवसांनी भरतो, तारखेच्या शेवटी चार किंवा नऊ आला की. आज पहिल्यांदा नीट फिरलो. थक्क झालो. एकाहून एक अज्ञात पदार्थ.

शोध क्र. १: समुद्रतळाचा एक जीव. गुलाबी, बोटाएवढा, पाण्याने टम्म फुगलेला. मध्येच लांब होतो, मध्येच आखूड. नाव गेबुल. विकणाऱ्या बाईंना सगळे जिंदोवाली आजी म्हणतात. मी विचारलं, हे खातात हे लोकांना माहीत आहे का. आजी म्हणाल्या, "लोकांना माहीत आहे. तुम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं."

म्हणजे बाहेर माहीत नाही. हाच मुद्दा.

२० फेब्रुवारी

नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं की मी या बाजारातल्या पदार्थांचा शोध लावणार आहे. पद्धतशीर. क्रमांक घालून.

गुम्नानताई पाय उशीवर टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं, जावईबापू. इतकी वर्षं आम्ही डोळे मिटून जेवत होतो."

त्यांच्या पाठिंब्याने बळ आलं. यंगनान भांडी घासत होती. पाणी जास्त सोडलंय असं मी सुचवलं.

२४ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस

दैवच म्हणायचं. बाजार समितीने फलक लावलाय. शहरातून बसने लोक येणार, त्यांना बाजारात फिरवून पदार्थांची माहिती द्यायला 'वाटाड्या' पाहिजे. २९ मार्चला परीक्षा. पाच पदार्थ समजावून सांगायचे आणि प्रत्येक स्वतः खाऊन दाखवायचा.

दुपारच्या आत अर्ज भरला. 'अनुभव' या रकान्यात लिहिलं, एकतीस वर्षं. कशाचा ते विचारलेलं नव्हतं.

समितीचे अध्यक्ष बांग साहेब बियाणं विकतात. मृदू माणूस. त्यांनी विचारलं, होंगॉ खाता ना. मी म्हणालो, "घरचंच दुकान आहे." हे खोटं नाही.

आणखी कुणाचा अर्ज नाही. म्हणजे निकाल जवळपास लागलाच आहे. राहता राहिलं खाणं. माझं पोट जरा नाजूक आहे, पण पोट म्हणजे शेवटी एक खातं. शिस्त लावली की चालतं.

प्लॅन: सोप्याकडून अवघडाकडे. रेशीमकिडे, मग शेवाळाचं सूप, मग गेबुल, मग खुबे, शेवटी पाकट. टाइमटेबल भिंतीवर लावलं. यंगनानने ते वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली. आतून दोघी बहिणींच्या हसण्याचा आवाज. ताईंची तब्येत सुधारते आहे.

२५ फेब्रुवारी

उकडलेले रेशीमकिडे. शाळेतली पोरं कागदी कपातून टाचणीने टोचून खातात, इतका सोपा पदार्थ. मीही पूर्वी खाल्ले असणारच.

निकाल: एक खाल्ला. बाकीचे कपात आहेत. गार झाल्यावर चव खुलेल म्हणून ठेवलेत.

२६ फेब्रुवारी

कप दिसत नाही. ताई म्हणाल्या की संपवला, वाया कशाला घालवायचा. त्यांनी माझ्या अभ्यासाचं साहित्य खाल्लं याची नोंद करून ठेवतो.

१ मार्च, सुट्टी

मेसेंगीचं सूप. समुद्रातलं केसासारखं बारीक हिरवं शेवाळ, त्यात कालवं. ताईंनी काठी टेकत येऊन स्वतःच्या हाताने वाटी पुढे ठेवली. मी बारकाईने निरीक्षण केलं. वाफ अजिबात नव्हती. अर्थ सरळ होता: कोमट. मोठा घोट घेतला.

हे सूप उकळतं असलं तरी वाफ वर येऊ देत नाही. हे मला नंतर सांगण्यात आलं.

यंगनान बर्फ घेऊन धावत आली आणि ताईला रागावली, "अगं, त्यांना सांगायचं तरी." ताई म्हणाल्या, "अगं, जावईबापू शोध लावतायत. आपण मध्ये कशाला बोलायचं?"

शोध क्र. २: लागला.

४ मार्च, बाजाराचा दिवस

जीभ अजून बधिर. पण हाच फायदा, असं माझ्या लक्षात आलं. चव कळणार नाही तर गेबुल आजच उरकावा.

जिंदोवाली आजींनी एक उचलला, चिरला, आतलं पाणी सांडलं, तुकडे करून थाळीत दिले. तुकडे आकसत होते. आजी म्हणाल्या, "चावा हं. गिळू नका."

मी गिळला. दोन कारणं: वेळ वाचतो, आणि चावण्याबद्दल अर्जात काहीच म्हटलेलं नाही.

पुढचा तपशील नोंदवण्यासारखा नाही. आजींची बादली जवळच होती. आता त्यांचं गिऱ्हाईक मला 'परतफेडवाले' म्हणतं. गावातल्या लोकांनी टोपणनाव दिलं म्हणजे स्वीकारलं, असं समजायला हरकत नाही.

५ मार्च

पोट बिघडलेलं. कालच्या वाऱ्यामुळे. समुद्राचा वारा सोलच्या माणसाला लागतोच. दिवसभर तांदळाची पेज.

९ मार्च, बाजाराचा दिवस

खुबे. चिखलातले जाड पन्हळी शिंपले. हे मी स्वतः शिजवायचं ठरवलं. इथले लोक अर्धेकच्चे खातात, त्यामुळे जंतूंचा विचार कोणी केलेला नाही. मी केला. चाळीस मिनिटं उकळले.

यंगनानने झाकण उघडून पाहिलं आणि झाकण परत ठेवलं. ताई म्हणाल्या, "फेकू नका. चपलेला नवे तळवे लावायचे आहेत."

मग यंगनानने दुसरे आणले. भांड्यापाशी उभी राहून चमचा एकाच दिशेने फिरवत राहिली आणि शिंपले उघडायच्या आतच उतरवले. मी म्हणालो, वेळ पाहिली नाहीस. ती म्हणाली, "पाण्याचा आवाज बदलतो." नंतर दोघी बहिणी जमिनीवर कागद पसरून बसल्या. शिंपल्याच्या मागच्या बाजूला चमचा घालून फिरवायचा, टक् करून उघडायचा, आतलं लाल पाणी पिऊन टाकायचं. यंगनानने किती खाल्ले कोण जाणे. हनुवटीवरून रस ओघळत होता, तोही तिने पुसला नाही. दोघी गावच्या बोलीत इतक्या भराभर बोलत होत्या की मला निम्मं कळलं नाही.

तिला असं जेवताना मी कधी पाहिलेलं नाही. दुकानात उभं राहून भूक लागत असावी.

१४ मार्च, बाजाराचा दिवस

पाकट. पहिली भेट.

दुकानात गर्दी कमी असताना गेलो. ताईसुद्धा आज खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. त्यांनी शिकवलं: तुकडा तोंडात टाकायचा, चावायचा, आणि तोंडाने श्वास घेऊन नाकाने सोडायचा. मी उलटं केलं. नाकातून कोणीतरी सळई घालून डोळ्यामागे बाहेर काढली. टाळूची साल निघाली. ही अलंकारिक भाषा नाही.

एक म्हातारं जोडपं मासा घ्यायला आलं होतं. माझे वाहते डोळे पाहून आजोबांनी विचारलं, यांच्या घरात कोणी गेलं का. यंगनान म्हणाली, "नाही हो. सराव चाललाय."

तोंडात राहिला: चार सेकंद. सुरुवातीच्या मानाने उत्तम. या वेगाने २९ तारखेपर्यंत कितीतरी मजल जाईल.

१९ मार्च, बाजाराचा दिवस

पद्धत सुधारली. नाकाखाली सर्दीचं मलम. तुकडा तांदळाएवढा. तो जुन्या किमचीत, किमची उकडलेल्या डुकराच्या मांसात, वर लसूण, वर माक्कॉल्ली या तांदळाच्या दारूचा वाडगाभर घोट. गेलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मी टाळी वाजवली.

ताईंनी ताटलीत वाकून पाहिलं. म्हणाल्या, "जावईबापू, पाकट इथेच राहिलंय. तुम्ही मांस आणि दारू संपवलीत."

हरकत नाही. कृती तर जमली.

२४ मार्च, बाजाराचा दिवस, रात्र

भाषणाची रंगीत तालीम. श्रोता: यंगनान. प्रस्तावना अठरा मिनिटं, त्यात या भागाचा पाणीपुरवठा थोडक्यात. तिने मध्येच चार ठिकाणी चुका काढल्या. पाकट जुन्या काळी बेटांवरून होडीने येताना वाटेतच कसं मुरायचं, मादी नरापेक्षा महाग का, जवाचा कोवळा पाला घालून त्याच्या यकृताचं सूप कोणत्या दिवसांत करतात, असलं काहीबाही. मी तिचे गैरसमज वहीत लिहून घेतले, सावकाश दुरुस्त करावेत म्हणून.

२५ मार्च

वाचनालयात जाऊन तपासलं. चारही बरोबर निघाले. पण इथलं वाचनालय लहान आहे.

२९ मार्च, परीक्षा

सविस्तर लिहितो, कारण पुढेमागे कोणी वेगळं सांगेल.

समितीचे पाच जण आले. मी कोट घातला होता. प्रस्तावना बाजाराच्या कमानीखाली केली. अठराव्या मिनिटाला बांग साहेब म्हणाले की आत जाऊ या का. एक सदस्य तोवर कांदे घेऊन परत आला होता.

रेशीमकिडे: दोन खाल्ले. स्वतःचाच उच्चांक मोडला. शेवाळाच्या सुपावर इतका वेळ फुंकर मारली की समितीतल्या बाई म्हणाल्या, राहू दे. जिंदोवाली आजींनी मला येताना पाहिलं आणि न सांगता बादली पुढे सरकवली. मी गेबुलबद्दल फक्त बोललो, आजींनीच खाल्ला. खुबे मी कशाने उघडायचे हे विसरलो आणि कोटाच्या खिशातली किल्ली वापरली. किल्ली वाकली.

मग आमचं दुकान. यंगनान एप्रन बांधून पाकट कापत होती. ताई खुर्चीवर. मी बांग साहेबांना सांगितलं, हा आमच्या घराण्याचा मानबिंदू, आणि तुकडा उचलला. खरा तुकडा, कारण सगळे बघत होते. मलम घरी राहिलं होतं.

तुकडा तोंडात गेला आणि त्याच क्षणी समितीतल्या बाईंनी विचारलं, हा किती दिवस मुरवलेला. मला उत्तर येत होतं. पण तोंड उघडलं असतं तर उत्तराबरोबर तुकडाही आला असता. डोळ्यांतून धारा लागल्या. मी बोटं दाखवायला लागलो. बाई म्हणाल्या, आठ दिवस? आठ आठवडे? आठ वर्षं?

यंगनानने सुरी न थांबवता सांगितलं, "हा पंधरा दिवसांचा आहे. तुमच्यासारख्या नव्या माणसाला बरा. त्या मडक्यातला महिन्याचा आहे, तो आमचे वडील खायचे. आधी हा पंखाचा तुकडा घ्या, कुरकुरीत लागतो. नाकाकडचा आत्ता नको, तो सगळ्यात जहाल, शेवटी देते." बाईंनी खाल्ला. बांग साहेबांनी खाल्ला. यंगनानने स्वतः एक उचलला, डोळे मिटून चावला, आणि मग वडिलांची होडी, आई मडकं कुठे पुरायची, पाहुणा आला की पहिला तुकडा कोणाला, असं एकेक सांगत राहिली. आजूबाजूचे दुकानदारही येऊन उभे राहिले. कोणीतरी विचारलं, "एवढी वर्षं कुठे होतीस गं?" ती हसली आणि म्हणाली, "सोलला."

हे सगळं मला ऐकू येत होतं. मी मागच्या नळाशी होतो.

माझं मत: परीक्षा चांगली गेली. सहकाऱ्याला ऐन वेळी पुढे करणं हे नेतृत्वाचं लक्षण आहे, आणि मी ते दाखवलं.

२ एप्रिल

समितीचं पत्र आलं. निवड झाल्याचं. मी मोठ्याने वाचायला घेतलं आणि नावाशी अडखळलो: श्रीमती मा यंगनान, माहेरच्या आडनावासकट.

कारकुनी चूक. मी स्वतः खात्यात होतो, अशा चुका कशा होतात मला माहीत आहे. तडक बांग साहेबांकडे गेलो. ते काकडीच्या बिया पुड्यांत भरत होते. मला बसवलं, बार्लीचा चहा दिला, पुन्हा पुड्या भरायला लागले. चहा संपला तेव्हा म्हणाले, "चूक नाही हो, प्यो साहेब." मी म्हणालो, तिने अर्जच भरलेला नाही. ते म्हणाले, "तिचा अर्ज आम्ही भरला. पाचही जणांनी मिळून."

येताना काकडीच्या बियांची एक पुडी फुकट दिली.

३ एप्रिल

संध्याकाळी दुकान आवरताना यंगनानला समजावलं, की तिने संकोच करू नये. जबाबदारी पेलवत नसेल तर नाही म्हणावं, मी आहे.

ती फळी धूत होती. म्हणाली, "मला करायचंय."

मी म्हणालो, पण तुला खाण्याची हौस कुठे होती.

तिने नळ बंद केला. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. दर नोव्हेंबरात, आईच्या श्राद्धाच्या दिवशी, ती सोलमध्ये दोन बस बदलून नदीपलीकडे एका जोल्लावालीच्या, म्हणजे इथल्याच प्रांतातल्या बाईच्या, खाणावळीत जायची. एकटी बसून होंगॉची आख्खी थाळी खायची. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची माणसं उठून दुसरीकडे जायची, तेवढंच ऐसपैस बसायला मिळायचं. मग आमच्या इमारतीखाली उभी राहून कोटावर, केसांवर, मानेवर अत्तर मारायची आणि वर यायची.

"तुम्हाला वास आवडत नाही ना," ती म्हणाली. रागाने नाही. फळी परत धुवायला घेतली.

मला ते अत्तर चांगलं आठवतं. वर्षातून एकदाच ती लावायची. ते माझ्यासाठी आहे असं मी बत्तीस वर्षं समजत होतो. नोव्हेंबर लागला की मी एक नवा शर्ट काढून ठेवायचो.

हे मी तिला सांगितलं नाही. फळीचं दुसरं टोक धरलं. जड होती.

४ एप्रिल, बाजाराचा दिवस

जेवताना मी निर्णय जाहीर केला की आपण सोलला परत न जाता इथेच राहायचं. घरच्या कर्त्याने अशा वेळी ठाम असावं.

ताईंनी यंगनानकडे पाहिलं. यंगनान म्हणाली की सोलच्या घरमालकाला तिने गेल्या आठवड्यातच कळवलंय, सामान वीस तारखेला येतंय. वॉशिंग मशीन भाच्याला दिलं.

५ एप्रिल

ताईंनी आज मला पाकटाच्या मडक्यातलं गवत बदलायला शिकवलं. सर्दी झालेली असल्याने जमलं. ताई म्हणाल्या, "जावईबापू, सर्दी जपून ठेवा."

८ एप्रिल

उद्या पहिली बस. यंगनान भाषण लिहीत नाहीये. मी प्रस्तावना देऊ केली. तिने घेतली, वाचली, चांगली आहे म्हणाली आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवली. मला काम दिलंय: सगळ्यांच्या मागे चालायचं, कोणी रेंगाळलं तर पुढे आणायचं. महत्त्वाचं काम आहे. ताफ्याची पिछाडी कच्च्या माणसाकडे देत नाहीत.

९ एप्रिल, बाजाराचा दिवस

बस दहाला आली. पाहुणे वीस. यंगनान पुढे, मी मागे.

कोणीच रेंगाळलं नाही. सगळे तिच्या इतके जवळ चालत होते की मला पुढचं दिसतच नव्हतं, नुसता आवाज यायचा. प्रस्तावना तिने वापरली नाही. जिंदोवाली आजींपाशी सगळ्यांनी गेबुल खाल्ला आणि कोणालाही बादली लागली नाही. खुब्यांपाशी यंगनानने भांड्याला कान लावायला सांगितला, वीसही जणांनी लावला. मग मीही लावला. पाण्याचा आवाज खरंच बदलतो. आमच्या दुकानात एका तरुणीने पाकट खाऊन डोळे पुसले आणि आणखी मागितलं. यंगनानने तिला नाकाकडचा तुकडा दिला.

दोनला सगळे बसपाशी. बसबरोबर आलेल्या बाई हातात यादी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि डोकी मोजायला लागल्या. एकवीस भरली. पुन्हा मोजली. एकवीस. यादीत वीस.

मग त्या माझ्याजवळ आल्या, वाकून, सावकाश, जरा मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, तुमची बस कुठली? तुम्ही कोणाबरोबर आलात?"

मी माझं पद सांगणार होतो.

यंगनान मागून म्हणाली, "ते आमच्यातले आहेत. मोजू नका."

बाईंनी मला वगळून पुन्हा मोजलं. वीस बरोबर भरले. बस गेली.